संक्रांतीची कर आणि संत्र्याच्या पाकातले चाप: ३८ माणसांच्या घरातील एका स्वयंपाकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील महाल भागात राहणाऱ्या एका मोठ्या कुटुंबातील आहे. ओळख पटू नये म्हणून नावे वगळून केवळ नाती ठेवली आहेत. मी या घराचा जावई. शिक्षणाने अन्नतंत्रज्ञ आणि सासुरवाडीच्या रीतीप्रमाणे ज्याला स्वयंपाकघरात कोणी काम सांगत नाही असा माणूस. त्यामुळे जे घडले ते बरेचसे बाजूला बसून पाहता आले, आणि दोन ठिकाणी मी वेळेवर तोंड उघडले नाही याची खंतही या टिपणात येणार आहे.

संक्रांतीला मुली, जावई, नातवंडे असे सगळे या घरी जमतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, मटणाचे जेवण होते. हे जेवण वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने चालत आले आहे: गंजभर, म्हणजे मोठे पातेलेभर, तिखट, काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर जवसाच्या तेलाचा तवंग, आणि बाहेरून मागवलेल्या मडक्यावरच्या लंबी रोट्या. पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या नातवाने यंदा वेगळा प्रस्ताव मांडला. फळांच्या पाकात घोळून निखाऱ्यावर भाजलेल्या डुकराच्या फासळ्या त्याने मित्रांकडे खाल्ल्या होत्या आणि तोच प्रकार बोकडाच्या चापांवर, म्हणजे फासळ्यांच्या मांसावर, काटोलकडच्या नातेवाइकांच्या बागेतली संत्री वापरून करावा, असे त्याचे म्हणणे होते. थोरल्या काकांनी विरोध केला नाही, पण "गोड मटण म्हणजे काय ते एकदा दाखव तरी" एवढे ते म्हणाले, आणि या घरात त्याचा अर्थ नापसंती असाच होतो.

अडचण

नातवाच्या हाती असलेली कृती चार माणसांसाठी होती. तिच्यात फासळ्या डुकराच्या होत्या, फळ डब्यातले अननस होते आणि भाजण्यासाठी तीन तास चालणारी भट्टी गृहीत धरलेली होती. इकडे माणसे ३८ होती. त्यांतली ७ मांसाहार न करणारी वगळली तर ३१ उरत होती, आणि या ३१ मध्ये सहा लहान मुले आणि कवळी लावणारी, दात कमजोर असलेली पाच वडीलधारी माणसे होती. चाराचे आठपट केले की झाले, अशी नातवाची सुरुवातीची समजूत होती.

ती समजूत खाटकाच्या दुकानात मोडली. बोकडाला फासळ्यांच्या तेरा जोड्या असतात. त्यांतल्या पुढच्या चार जोड्या खांद्याखाली दबलेल्या असल्याने त्यांची नीट पट्टी निघत नाही. उरलेल्या नऊ जोड्यांतून, तीन-तीन फासळ्यांची एक पट्टी धरली, तर प्रत्येक बाजूच्या तीन म्हणजे एका बोकडाच्या सहा पट्ट्या होतात. माणशी एक पट्टी आणि थोडी शिल्लक असा हिशेब केला तर ३६ पट्ट्या, म्हणजे सहा बोकडांचे चाप लागणार होते. वजन साधारण साडेआठ किलो भरते, जे ऐकायला फार नाही. पण साडेआठ किलो मटण मागणे आणि साडेआठ किलो नुसते चाप मागणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे खाटीक मिसळ मटण देतो: थोडा सीना, थोडा चाप, थोडे पुठ्ठ्याचे, वर कलेजीचा तुकडा. एकाच गिऱ्हाइकाने सगळे चाप नेले तर इतरांना काय द्यायचे हा त्याचा प्रश्न रास्त होता.

येथे करीचा दिवस अनपेक्षितपणे कामी आला. त्या दिवशी दुकानापुढे पहाटेपासून रांग असते, अनेक बोकडे लागतात आणि मागे काहीच उरत नाही. इतर कोणत्याही रविवारी जे जमले नसते ते या दिवशी थोडा जास्त भाव देऊन आणि आठ दिवस आधी सांगून जमले.

दुसरी अडचण दिवसाचीच होती. संक्रांतीच्या दिवशी घरात कच्चे मांस आणून ठेवणे आजींना मान्य नव्हते, आणि त्यावर चर्चा करण्याचा कोणाचा विचारही नव्हता. म्हणजे मांस करीच्या सकाळीच येणार आणि त्याच दिवशी शिजणार. पारंपरिक जेवण दुपारचे असते. ते रात्रीवर ढकलावे की नाही, यावर दोन दिवस फोन चालले. अखेर थोरल्या काकूंनी निकाल दिला की दुपारी खिचडी-कढी आणि रात्री पंगत. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, जरी त्या वेळी तो केवळ सोयीचा वाटला.

विचारात घेतलेले पर्याय

भाजण्याचा पहिला पर्याय घरातील विजेच्या ओव्हनचा होता. त्यात एका वेळी जेमतेम दोन किलो चाप मावतात, म्हणजे पाच खेपा आणि प्रत्येक खेपेला अडीच तास. शिवाय डुकराच्या फासळीवर चरबीचा थर असतो, जो वितळत राहून मांस ओले ठेवतो. बोकडाच्या फासळीवर मांस पातळ आणि चरबी कमी, त्यामुळे कोरड्या उष्णतेत ती मऊ होण्याआधी वाळते. हा पर्याय लगेच बाद झाला.

दुसरा पर्याय प्रेशर कुकरचा. तो वेळेच्या दृष्टीने उत्तम, पण तीन शिट्ट्यांनंतर मांस हाडावरून सुटून येते आणि अशी पट्टी निखाऱ्यावर उलटता येत नाही. तिसरा पर्याय म्हणजे चाप एखाद्या ढाब्याच्या तंदुरात भाजून आणणे. करीच्या रात्री कोणता ढाबा हे काम करून देईल, या प्रश्नावर तो संपला.

निवडलेली पद्धत दोन टप्प्यांची होती: आधी गंजात मंद आचेवर पाण्यात शिजवणे, मग कोळशाच्या लांब शेगडीवर जाळी टाकून पाक लावत भाजणे. दोन मोठे गंज, शेगडी, जाळी आणि दोन कोपर (मोठ्या पराती) जवळच्या बिछायत केंद्रातून भाड्याने आले. मांसाच्या संयोजी ऊतीतील कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून मऊ होण्यासाठी ओलावा आणि वेळ लागतो. पाकाला मात्र थोडा वेळ आणि कोरडी, तीव्र आच लागते. ही दोन कामे एकाच भांड्यात, एकाच वेळी करण्याचा मोह सोडणे हा योग्य निर्णय होता.

मांस मऊ करण्यासाठी धाकट्या मावशींनी कच्ची पपई सुचवली आणि नातवाने अननसाचा कच्चा रस. पपईतील पपेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही प्रथिने तोडणारी विकरे आहेत; जाड तुकड्यांना ती थोडा वेळ चालतात, पण पातळ मांसाचा पृष्ठभाग त्यांनी पिठासारखा होतो. दीर्घकाळ शिजवणे ठरलेच होते, तेव्हा दोन्ही सूचना बाजूला ठेवल्या. संत्र्यात अशी विकरे नसतात, त्यामुळे त्या बाजूने काळजी नव्हती. संत्र्याची काळजी वेगळी होती, आणि ती तालमीत कळली.

तालीम

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहा माणसांसाठी दोन किलो चापांवर प्रयोग झाला. आंबिया बहाराची संत्री नुकतीच बागेतून आली होती. धाकट्या सुनेने ती सोलून, फोडी बियांसकट मिक्सरमधून फिरवून रस गाळला. रस चाखला तेव्हा तो गोड, किंचित आंबट, जसा असावा तसाच होता. मग तो कढईत घालून आटवायला ठेवला. चाळीस मिनिटांनी तो पाव झाला आणि इतका कडू लागला की नातवाने कढई कोणी नीट घासली नव्हती का, अशी विचारणा केली.

दोष कढईचा नव्हता. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, जो मुळात कडू नसतो. फळ चिरडले की तो आंबट रसात मिसळतो आणि त्याचे हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. उष्णतेने हा बदल झपाट्याने होतो. म्हणूनच नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड आणि काही वेळ ठेवलेला किंवा तापवलेला रस कडवट, हा अनुभव घरोघरी आहे. केवळ त्याचे कारण कोणी विचारत नाही. त्यातच रस आटवला की कडूपणाही त्याच प्रमाणात दाट होतो. धाकट्या सुनेने त्यात मूठभर गूळ घालून पाहिला. गोडी वाढली, कडू मात्र तसेच राहिले.

हे मला आधीपासून माहीत होते. मिक्सर सुरू झाला तेव्हा मी समोर चहा पीत बसलो होतो आणि "जावईबापू, तुम्ही बसा" या वाक्याचा मान राखून बसूनच राहिलो. मूठभर गूळ आणि साडेचार किलो संत्री यांच्या बदल्यात हा धडा सर्वांना एकदम मिळाला, असे मी स्वतःचे समाधान करून घेतले आहे.

तालमीनंतर पाकाची रीत पूर्ण बदलली. संत्री आडवी कापून हाताने, लाकडी पिळणीवर दाब न देता पिळायची, म्हणजे बी फुटत नाही; रस लगेच बारीक जाळीतून गाळायचा. आटवायचा रस कमी करायचा आणि दाटपणा अन्य मार्गाने आणायचा. हा अन्य मार्ग गंजातच होता: फासळ्या शिजताना पाण्यात उतरलेले जिलेटिन, म्हणजेच विरघळलेले कोलॅजेन. हे पाणी चरबी काढून आटवले तर त्याला आपोआप चकाकी आणि चिकटपणा येतो, आणि पाकाला नुसत्या साखरेच्या चिकटपणापेक्षा खोल चव मिळते. ठरलेले प्रमाण असे: चार लिटर रस पसरट कढईत आटवून एक लिटर, त्यात सातशे ग्रॅम गूळ, अर्धा लिटर आटवलेले मटणाचे पाणी, मीठ, भिवापुरी मिरचीची भरड, मिरी आणि आले, हे सगळे पुन्हा दाट करून सुमारे सव्वा लिटर, आणि आच बंद केल्यावर वरून पावशेर ताजा रस व सालीच्या फक्त केशरी भागाचा कीस, कारण संत्र्याचा सुगंध उकळीत टिकत नाही. सालीचा पांढरा भाग मात्र कटाक्षाने टाळायचा.

आणखी एक गोष्ट आपोआप जुळली. जानेवारीच्या मध्यापर्यंत झाडावर राहिलेली संत्री जास्त पिकलेली असतात, आणि फळ पिकत जाते तसा त्यातील हा कडूपणाचा अंश घटतो. अशा फळात आंबटपणाही कमी असल्याने चार लिंबांचा रस वाढवावा लागला, एवढाच फरक.

प्रत्यक्ष दिवस

करीच्या पहाटे साडेपाचला नातू आणि धाकटे काका दुकानात पोहोचले. पट्टीचा अर्थ खाटकाला आठ दिवसांपूर्वी समजावून सांगितला होता, पण हाताची सवय समजावणीपेक्षा जुनी असते. गर्दीच्या धांदलीत पहिल्या बोकडाचे चाप नेहमीप्रमाणे दोन-दोन इंचांचे तुकडे होऊन तराजूत पडले. मग धाकटे काका उरलेल्या पाच बोकडांसाठी ठोकळ्याजवळच उभे राहिले. ३६ पट्ट्यांच्या ३० झाल्या.

घरी येताच हिशेब नव्याने मांडण्यात आला, आणि तो थोरल्या काकूंनी एका वाक्यात मांडला: आजींसह पाच वडीलधारी आणि सहा मुले यांना पट्टी नकोच, त्यांच्यासाठी तुकड्यांचा नेहमीचा रस्सा कुकरमध्ये करा. उरले २० जण आणि ३० पट्ट्या. माझ्या दृष्टीने ही तडजोड नव्हती. कवळी लावणाऱ्या माणसांसाठी हे मूळ योजनेतच असायला हवे होते.

फासळ्यांच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा काढण्यात तिघांचा एक तास गेला. हा पापुद्रा शिजत नाही, आकसतो आणि पट्टी वाकवतो, म्हणून हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही. पाऊण वाजता गंज चुलीवर चढले. तालमीत दीड तासात मांस मऊ झाले होते, तेव्हा सव्वादोनचा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन वाजून गेले. कारण बहुधा हे की तालमीचे मांस आदल्या दिवशी आणून फ्रीजमध्ये ठेवलेले होते आणि हे त्याच पहाटेचे होते. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुन्हा सैल पडायला वेळ लागतो. दुपारची पंगत ठरली असती तर ३८ माणसे रिकाम्या ताटांपुढे बसली असती.

शिजवताना आच मंद ठेवण्यावर थोरल्या काकूंनी कडक पहारा ठेवला. खळखळून उकळू दिले की मांस हाडापासून सुटते, आणि सराटा (मोठे उलथणे) घालून ढवळले की पट्ट्या मोडतात. म्हणून त्यांनी दोन्ही गंजांजवळचे सराटेच उचलून नेले.

यानंतरची चूक मात्र गंभीर होती आणि त्या वेळी ती कोणालाच चूक वाटली नाही. शिजलेल्या पट्ट्या सव्वातीनपासून साडेपाचपर्यंत झाकलेल्या गंजात तशाच राहिल्या. पाण्याचे तापमान हळूहळू साठ अंशांखाली येते आणि पाच ते साठ अंशांच्या पट्ट्यात मांस दोन तासांहून अधिक ठेवू नये हा नियम मी रोज इतरांना सांगतो. नागपुरात जानेवारीच्या दुपारी २८ अंशांच्या आसपास तापमान असते. थंडीचे दिवस म्हणून चालून जाईल असे मानण्यात अर्थ नव्हता. मोठा गंज भरलेला असल्याने तो सावकाश निवतो आणि बहुतेक वेळ तो साठच्या वरच राहिला असावा. तरीही साडेपाचला मी सुचवल्यावर सगळे पुन्हा खडखडीत उकळून घेतले आणि त्यामुळे चार पट्ट्यांच्या कडा सुटल्या.

संध्याकाळी पाण्यावरची चरबी काढून टाकली. बोकडाची चरबी लवकर थिजते आणि थंडीत स्टीलच्या ताटावर तर पाहता पाहता पांढरी होते; टाळूला चिकटणारी ती चव पाकाच्या गोडीबरोबर फारच वाईट लागते. म्हणून एकदम ३८ पाने न वाढता दोन पंगती कराव्यात आणि जाळीवरून पट्टी थेट ताटात जावी, असे ठरले.

आठ वाजता शेगडी पेटली. नातवाने पहिल्या खेपेत पाक सुरुवातीपासूनच लावला, निखारे अजून लाल होते आणि टपकलेल्या थेंबांनी ज्वाळा उठल्या. चार पट्ट्या तीन मिनिटांत काळ्या झाल्या. फळांची साखर व गूळ मांसापेक्षा कितीतरी लवकर जळतात, हे पुस्तकात वाचणे आणि जाळीवर पाहणे यांत फरक आहे. दुसऱ्या खेपेपासून निखाऱ्यांवर राखेचा थर येऊ दिला, जाळी दोन विटांनी वर उचलली, पट्ट्या आधी कोऱ्याच भाजल्या आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांत पाकाचे तीन पातळ हात दिले. एकच जाड हात ओघळतो. पातळ हात प्रत्येक वेळी सुकून चिकटतो. तिसऱ्या हातानंतर पट्ट्यांवर जो रंग आला तो पाहायला थोरले काका खुर्ची सोडून शेगडीजवळ आले.

परिणाम

२६ पट्ट्या वीस जणांत वाढल्या गेल्या. तरुण मंडळींनी उरलेल्या सहा आपसांत वाटून घेतल्या. थोरल्या काकांनी आपली पट्टी पूर्ण खाल्ली, दुसरी नाकारली आणि रस्सा-लंबी रोटीकडे वळले. त्यांचा अभिप्राय "वाईट नाही, पण हे जेवण नव्हे, तोंडी लावणे आहे" असा होता. मला तो बरोबर वाटतो. गोड, दाट पाकाचा पदार्थ दोन-तीन फासळ्यांपलीकडे जात नाही, आणि आपल्या ताटात त्याची जागा रस्स्याच्या शेजारी आहे, रस्स्याऐवजी नाही. मुलांनी उरलेला वाटीभर पाक दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर संपवला. कोणाचेही पोट बिघडले नाही. आजींनी रस्स्यातले मऊ तुकडे खाऊन "यात संत्रं कुठं आहे?" असे विचारले तेव्हा त्यांच्या ताटात चमचाभर पाक वाढण्यात आला, आणि त्यांनी तो लोणच्यासारखा शेवटपर्यंत पुरवला.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

जेवण रात्रीवर नेणे आणि दोन टप्प्यांत शिजवणे हे निर्णय टिकले. तालीम केली हेही योग्यच, पण ती अपुरी होती: पाकाची तालीम झाली, निखाऱ्याची नाही. त्या दिवशी सहा माणसांसाठी चाप घरच्या गॅसवर, तव्यावर परतले गेले होते. लांब शेगडीवर चार पट्ट्यांचीच तालीम झाली असती तरी पहिली खेप वाचली असती. शिवाय तालमीला त्याच दिवशी कापलेले मांस वापरले असते तर शिजण्याच्या वेळेचा अंदाजही बरोबर आला असता.

शिजवणे आणि भाजणे यांत पाच तासांचे अंतर ठेवण्याची गरज नव्हती. पापुद्रा काढून मांस फ्रीजमध्ये ठेवायचे, गंज दुपारी साडेचारला चढवायचे आणि सातपर्यंत मांस तयार करायचे. मग ते गरम अवस्थेतूनच जाळीवर जाते आणि मधल्या धोक्याचा प्रश्नच उरत नाही. साडेआठ किलो कच्चे चाप एका फ्रीजमध्ये मावत नाहीत हे खरे, पण शेजारच्या दोन घरी जागा होती आणि विचारले असते तर मिळाली असती. थोरल्या काकूंना गंज लवकर चढवण्याची घाई होती, कारण दुपारच्या खिचडीबरोबर चुली मोकळ्या झाल्या होत्या. मोठ्या घरात वेळापत्रक अनेकदा अन्नाच्या नव्हे, चुलीच्या सोयीने ठरते.

खाटकाकडे तोंडी सांगण्याऐवजी नमुन्याची एक पट्टी कापून घेऊन ती आदल्या खेपेला दाखवली असती, तर पहिला बोकड तुकड्यांत गेला नसता. अर्थात त्या तुकड्यांनीच वडीलधाऱ्यांचा प्रश्न सोडवला, त्यामुळे या चुकीचा राग कोणी धरलेला नाही. पुढच्या वर्षासाठी चार बोकडांचे चाप आणि बाकी मिसळ मटण असे थोरल्या काकूंनी आताच ठरवले आहे. सध्या वाद उरला आहे तो एवढाच की पाकात भिवापुरी मिरची दुप्पट घालायची की नाही, आणि त्यावर थोरले काका व नातू यांचे प्रथमच एकमत आहे.